खुणा करायच्या नाहीत

सांगलीत कर्णबधिर मुलांना शिकवण्याची पदविका करायला गेले आणि पहिल्याच सत्रात माझ्या डोक्यात हवा गेली. वडूजहून आलेली, आयुष्यात एकही बहिरं मूल जवळून न पाहिलेली मी, चार महिन्यांत लोकांच्या आयांना अक्कल शिकवायला लागले.

घरभेटीसाठी माझ्या वाट्याला तासगावजवळची साडेतीन वर्षांची मुलगी आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र नुकतंच कानाला लागलं होतं. तिची आई शेडवर बेदाणा निवडायला जायची, पोरीला सोबत घेऊन. मी शेडवर पोचले तेव्हा दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. त्याला दुसरा शब्द नाही. मिशीला पीळ दिला की बाप, दोन्ही हातांनी चाक फिरवलं की एसटी, पोटावर हात दाबून भुवया उडवल्या की ‘दुखतंय का?’ पोरगी इतकी भरभर उत्तरं देत होती की शेजारच्या बायका हसत होत्या.

‘लय बोलती म्याडम. गप म्हटलं तरी बसत न्हाई,’ आई म्हणाली.

मी वहीत लिहिलं, ‘वाचा नाही.’ मग वर्गात घोकलेलं सगळं त्या बाईला ऐकवलं. खुणा करत राहिलात तर पोर बोलायचा आळस करेल. तुम्ही हात मांडीखाली घ्या, तोंडानंच बोला. तिनं खूण केली की तिचा हात धरून खाली ठेवा आणि तुमच्या ओठांकडे बघायला लावा.

‘मग बोलंल व्हय?’

‘बोलेल की.’

कशाच्या जोरावर बोलले, देव जाणे. यंत्र लावून तिला कितपत ऐकू येतं, हेसुद्धा मी तिच्या कागदांत नीट वाचलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रात सांकेतिक भाषेचे तास सुरू झाले. शिकवणारे सर स्वतः बहिरे होते. सोबत आलेल्या दुभाषी बाईंमार्फत त्यांनी प्रत्येकीला विचारलं, घरभेटीत काय सांगितलंत? मी फुशारकीनंच सांगितलं. सर रागावले नाहीत. बोलणं शिकवायचं तर जरूर शिकवा, म्हणाले, पण तिच्याजवळ होती ती भाषा का काढून घेतलीत? रविवारी मी तासगावची एसटी धरली आणि त्यांचं घर गाठलं.

आईनं हौसेनं चहा टाकला. ‘तुमी सांगितलं तसंच केलं. एक बी खूण न्हाई. तिच्या बापाला बी करू देत न्हाई.’

मग सहज बोलता बोलता म्हणाली, मधे पोरीच्या कानात पू झाला होता. तीन दिवस नुसती रडत होती.

‘म्या लय इचारलं, कुटं दुखतंय, कुटं दुखतंय. तिला काय कळंना. खूण कराया हात उचलावासा वाटायचा. पर म्हटलं, म्याडमनी सांगितलंय, इतक्या दिसाचं वाया जाईल.’

त्या माउलीनं माझ्या शब्दाखातर स्वतःचे हात दाबून धरले होते.

‘ताई, माझं चुकलं,’ मी म्हणाले. ‘तुम्ही करत होता तेच बरोबर होतं. करा खुणा.’

ती बघतच राहिली. ‘आवं, मग बोलायची न्हाई का ती?’

‘मला माहीत नाही.’

पोरीच्या बोलण्याबद्दल मी त्या बाईला सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य.

तिनं पोरीला समोर बसवलं. जरा लाजत, विसरल्यासारखा, मिशीला पीळ दिला. पोरगी हसली नाही. आईनं पुन्हा केलं. मग पोटावर हात दाबून भुवया उडवल्या. पोरीनं आईचा हात धरला, हळूच खाली तिच्या मांडीवर ठेवला आणि शहाण्यासारखी आईच्या ओठांकडे बघत बसली.