मास्तरांचा गाडीतला आवाज

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना दोन आवाज होते : एक गाडीतला, एक घरातला. गाडीतला लोण्यासारखा. घाबरलेला शिकाऊ ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो हे ठाऊक असल्याने, समोर भिंत आली तरी मास्तर "वा, छान, आता जरा डावीकडे" असंच म्हणत. दिवसभर गिळलेली ओरड मग संध्याकाळी घरी बाहेर पडे.

ती मुख्यतः चौदा वर्षांच्या लेकीच्या मोबाइलवर पडे. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तसाच त्यांना मोबाइललाही हवा होता. म्हणून त्यांनी त्यात एक ॲप टाकलं. ॲपला शंका आली की मोबाइल बंद. ॲप भलतंच संशयी निघालं. जीवशास्त्रातलं प्रजनन आलं, मोबाइल बंद. मैत्रिणीने "हसून मेले" लिहिलं, मोबाइल बंद. मास्तर "काय चाललं होतं?" विचारत आणि उत्तराच्या आधीच ओरडायला लागत.

"अहो, तुमच्यामुळे शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला," बायको म्हणे.

"बहिरे आहेत ते!" मास्तर गरजत.

मग लेक गप्प झाली. जेवण अर्धं टाकू लागली, मोबाइल उपडा ठेवू लागली. पोर सुधारली म्हणून मास्तर ॲपवर खूश.

एकदा तिची शाळेची बस चुकली, म्हणून मास्तरांनी तिला शिकवणीच्या गाडीत मागे बसवलं. चालवायला एक दातांची डॉक्टरीण. लोकांच्या तोंडात ड्रिल घालताना न हलणारे तिचे हात स्टिअरिंगवर लटपटत होते. भर चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"मास्तर, मेले मी!"

"नाही हो ताई. गाडी बंद पडलीय, तुम्ही चालू आहात. हॉर्न त्यांचे आहेत, वाजवू देत. क्लच दाबा. फिरवा चावी."

डॉक्टरीण दवाखान्यापाशी उतरली. मास्तर स्टिअरिंगवर आले. मागून लेक म्हणाली, "बाबा, मी काही सांगितलं तर याच आवाजात बोलशील?"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

मोबाइलवर गेम खेळताना तिला एक मित्र भेटला होता. पंधरा वर्षांचा, असं तोच म्हणत होता. तिच्या साध्या फोटोत फेरफार करून त्याने भलताच फोटो बनवला होता. आता म्हणत होता, खरे पाठव, नाहीतर हा वर्गात सगळ्यांना जाईल. ॲपला यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. गृहस्थ फार सभ्य भाषेत लिहीत होता.

घरातला आवाज मास्तरांच्या घशाशी आला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"वा," ते म्हणाले. "छान. म्हणजे, छान नाही. सांगितलंस ते छान. आता त्याला उत्तर द्यायचं नाही. पुसायचंही काही नाही, पोलिसांना दाखवू."

"रागावलास?"

"खूप. तुझ्यावर नाही."

"मोबाइल काढून घेशील?"

मास्तरांनी काचेतून बाहेर पाहिलं. "नाही," ते म्हणाले. या शब्दाची सवय नसल्याने तो जरा चिरका निघाला.

पोलिसांच्या सायबर विभागात लेकीने सगळं स्वतः सांगितलं. मास्तर शेजारी हाताची घडी घालून, ओठ मिटून बसले होते. त्यांनाच पकडून आणलंय असं वाटावं. "काही पुसलं नाहीत, बरं झालं," बाई अधिकारी म्हणाल्या. त्यांनी तक्रार नोंदवली, त्या माणसाचं खातं बंद करायला गेमच्या कंपनीला कळवलं आणि असा फोटो आला तर सांगा म्हणून शाळेतही फोन केला.

बाहेर येऊन लेक पुढच्या सीटवर बसली.

"शाळेत सोडू?"

"आत्ता गणिताचा तास असेल."

"मग?"

"मग हळू चालव."