डोळे सोडून लिहा

मास्तरांचा महाकाव्याचा तास म्हणजे एकच हुकूम: "डोळे सोडून लिहा." सर्गातला एखादा प्रसंग वाचायचा आणि मग पोरांनी तो नाकानं, कानानं, जिभेनं, कातडीनं लिहायचा. 'रथ सुंदर होता' असं कुणी लिहिलं की मास्तर कपाळावर हात मारायचे. "सुंदर म्हणजे काय, डोंबल! चाकाला वंगण नव्हतं, ते करकरलं, असं लिही की!" वर्गाची आणखी एक रीत होती. मास्तरही सगळ्यांबरोबर लिहायचे आणि त्यांची वही एक विद्यार्थी तपासायचा, चांगला लाल पेन घेऊन.

त्या दिवशी राजा बारा वर्षांनी लढाईवरून परततो, तो सर्ग होता. "घर कशानं ओळखलं त्यानं? आपापलं घर आठवा आणि लिहा." पोरं लिहीत सुटली. मास्तरांनी लिहिलं: पिवळी भिंत, दोन खुर्च्या, एकीवर धूळ. वही गेली पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीकडे. ती कसली सोडतेय! पानभर रेघा ओढून तिनं खाली लिहिलं, 'सर, हे घर नुसतं दिसतंय. वास नाही, आवाज नाही. पुन्हा लिहा.'

पोरगी खरं बोलली होती, म्हणूनच मास्तरांना झोंबलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बोलायला कुणी नाही, जेवण म्हणजे उभ्याउभ्या चहा-ब्रेड. तिचे कपडे मात्र त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवले होते. दार उघडलं की तिचा वास उडून जाईल, ही धास्ती. अगदीच जीव नकोसा झाला तर एकदाच उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी कुलूप काढलं. तिच्या हिरव्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं आणि छातीभरून श्वास घेतला.

डांबराच्या गोळ्या. नुसत्या डांबराच्या गोळ्या! कपड्यांना कसर लागू नये म्हणून कुलूप घालताना त्यांनी स्वतःच मूठभर टाकल्या होत्या. जन्मभर पोरांना वास शिकवला आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही! मास्तर तिथेच फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. मग उठून त्यांनी वही उघडली.

सकाळी चष्मेवालीनं नवं पान वाचलं. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सर, राणी नाहीये का घरात?"

"नाही."

"मग राजाला घर ओळखू कसं आलं?"

"नाही आलं गं," मास्तर म्हणाले.