साळूबाईचा ओला हात

मखमलाबादच्या शिवारात साळूबाईचा हात ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या, की बाई बादलीत बोटं बुडवायची आणि असा झटका द्यायची की एक पान कोरडं राहायचं नाही. वरून ओलं गोणपाट. मग तिची मेथी दुपारच्या बाजारातसुद्धा आत्ताच खुडल्यासारखी तरतरीत. हाताला सवयच अशी जडली होती, की तो बाईला विचारतही नसे. लेकाच्या, धनराजच्या लग्नातली गोष्ट. वरात रेंगाळली, नवरी हार घेऊन उन्हात ताटकळली. साळूबाईला फुलांची दया आली. तिने कळशीत हात घातला आणि हारावर पाणी शिंपडलं. हाराबरोबर नवरीही न्हाली. ती सून, सरिता, अजून पाहुण्यांना सांगते, "मी या घरात भिजूनच आले."

घर मात्र कामाचं. धनराज तांबडं फुटायच्या आत पिकअप भरणार, सरिता शहरात भाजीच्या गाळ्यावर बसणार, साळूबाईचा नवरा, म्हातारा खंडेराव, वाफ्यांना पाणी देत फिरणार. सगळे एकत्र जेवायचे ते दिवाळीला, नाहीतर वीज गेली तर. अशा घरात एका संध्याकाळी सरिता सासूला म्हणाली, "आत्या, बाजारात एक जण गावरान कोंबडीची पिलं घेऊन बसतो. आणू का? मला लय दिवसांपासून वाटतंय."

धनराज हसला. "आपल्याकडं माणसं बघायला कुणाला वेळ नाय, पिलं कोण बघणार?"

तेवढ्यात बांधापलीकडून साळूबाईची थोरली जाऊ कमळाबाई आली. तिच्या अंगणात ती लग्न होऊन आल्यापासून कोंबड्या. ती म्हणाली, "साळू, तुमच्या घरात चहा गार झाला तरी कुणाला कळत नाय. पिलांना ऊब लागती, ऊब."

"जाऊबाई, मी कोथिंबीर जगवती उन्हाळ्यात," साळूबाई म्हणाली. "कोथिंबिरीपुढं कोंबडी काय नाजूक?" आणि सुनेकडे वळून, "आण गं तू. मी हाय."

सरितेनं या घरात आजवर बी आणलं, खत आणलं, सुतळीचे गुंडे आणले. स्वतःला हवं म्हणून आणलेली ही पहिली चीज. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिवळी, काळी, तपकिरी पिलं घेऊन आली. क्रेटमध्ये भुसा घातला, वरून कोरडं गोणपाट झाकलं, उबेला दिवा टांगला आणि क्रेट ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. साळूबाई झोपेपर्यंत दोनदा उठून बघून आली.

आता शिमगा झाला तरी नाशिकची पहाट काही लगेच उबदार होत नाही. झुंजुमुंजू झालं. धनराजला माल मांडायला ओसरी लागत होती. त्याने घाईत, आत काय आहे ते न बघताच, दिवा बाजूला सारला, कोपऱ्यातला क्रेट उचलला आणि रांगेत सरकवून दिला. मागून साळूबाई आली. रांग दिसली. हात बादलीत गेला. कोथिंबीर, मेथी, शेपू, पालक करत करत ती शेवटच्या क्रेटपाशी पोचली. त्याच्यावरचं गोणपाट कोरडं दिसलं तेव्हा मनात धनराजला एक शिवी घालून तिने ते उचलून बादलीत बुचकळलं, आत दोन सढळ झटके मारले आणि निथळतं गोणपाट नीट झाकून टाकलं. चिवचिव झाली. पण त्या वेळेला जांभळीवर चिमण्याही ओरडतच होत्या.

सरिता पिलांना दाणा घालायला आली तेव्हा कोपरा रिकामा. तिने रांगेतलं शेवटचं गोणपाट उचललं. पिलं एका कोपऱ्यात गोळा झाली होती, पिसं अंगाला चिकटलेली, डोळे मिटलेले. एक तर मान टाकून पडलं होतं.

साळूबाईच्या हातातून अजून पाणी गळत होतं. पिकअप सुरूच होता. माल काही थांबत नाही. सरिता गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही 'मी हाय' म्हणालात म्हणून आणली."

ते शब्द बाईला बरोबर लागले. पण साळूबाई रडत बसणारी नव्हे. भाजी खुडताना बांधतात तशी तिने पदराची ओटी बांधली, कोरड्या फडक्यात पुसून एकेक पिलू आत ठेवलं, वरून आपले हात धरले आणि तडक बांध ओलांडला.

कमळाबाईच्या अंगणात वेगळाच तमाशा. तिची एक कोंबडी खुडूक झाली होती. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या टोपलीत ठाण मांडून बसायची. खूळ उतरावं म्हणून कमळाबाई तिला पाण्याच्या बादलीत बुडवायला निघाली होती.

"थांबा जाऊबाई," साळूबाईने फाटकातूनच हाक दिली. "पाण्यानं काय होतं ते मी आत्ताच बघून आले."

कमळाबाईने ओटीत डोकावलं. "साळू, ही काय मेथी हाय?"

"टोमणा संध्याकाळी मारा. आधी कोंबडी द्या."

"अर्धलीनं देईन. वाढली की निम्म्या माझ्या."

"निम्म्या तुमच्या. बसवा लवकर."

मग दोघी जावा टोपलीपुढे उकिडव्या बसल्या. कमळाबाई कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि साळूबाई मागून, पंखाखाली, एकेक पिलू सरकवत गेली. कोंबडीने पहिल्याला मान वाकडी करून पाहिलं. साळूबाईने हात तसाच पंखाखाली धरून ठेवला. कोंबडीच्या गळ्यातून कुक् कुक् असा जाड आवाज निघाला, तिने अंग फुलवलं आणि पिलाला पोटाखाली ओढलं. बाकीची आपोआप आत गेली. मान टाकलेलं पिलू साळूबाईने सगळ्यात शेवटी, अगदी उबेच्या मधोमध ठेवलं. मग ती उठलीच नाही. खुरपणी राहिली, खंडेरावाची न्याहारी राहिली. खंडेराव बांधावर येऊन बघून गेला आणि मुकाट्याने स्वतः भाकरी घेऊन खाल्ली.

दुपारी सरितेचा फोन आला. नुसतंच "आत्या?"

तेव्हाच कोंबडीच्या पंखातून एक पिवळं डोकं बाहेर आलं होतं, सकाळी आडवं पडलेलं तेच. साळूबाई म्हणाली, "मी हाय म्हणाले होते ना? येताना कण्या आण."

दुसऱ्या दिवशी कोंबडी पिलांसकट साळूबाईच्या ओसरीवर, त्याच कोपऱ्यात. धनराज क्रेट मांडायला तिकडे वाकला आणि मनगटावर चोच खाऊन मागे आला. "तो कोपरा आता तिचा," आई म्हणाली. "तुझा माल अंगणात मांड."

रांगेवर पाणी मारून झालं. साळूबाई कोपऱ्याकडे निघाली, वाटेत थांबली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने हात पदराला खसखसून पुसला.

सरिता दाणा घेऊन उभी होती. म्हणाली, "आत्या, माझ्या लग्नात पुसला असता तर?"

"तर तू सुकली असतीस," साळूबाई म्हणाली, आणि कण्यांची मूठ पसरली.