मामाची मारिंग

माझ्या धाकट्या मामाइतका बोलका माणूस अख्ख्या माणदेशात नव्हता, आणि त्याचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. जपानशी झालेल्या लढाईत तो ब्रह्मदेशाच्या वाटेवर, मणिपूरच्या डोंगरात जायबंदी होऊन मागं राहिला. तिथं मारिंग लोकांच्या गावात एका म्हातारीनं त्याला चार महिने लपवून पोसलं. इकडं बेपत्ता झाल्याची तार आली, तरी मामीनं कुंकू पुसलं नाही. मामा परतला तो मारिंग भाषा घेऊनच. बैलांशी मारिंग, कोंबड्यांशी मारिंग. दारात पाटील आले तरी आधी मारिंगमध्ये 'जेवलात का?' विचारायचं आणि मग मराठीत अर्थ सांगायचा. "म्हातारीनं जीव वाचवला माजा. तिची बोली इसरलो तर त्वांड कसं दावू?" म्हणायचा. दावायला जाणार होता कुठं, देव जाणे.

थोरल्या मामांना यातलं काही पटेना. "डोस्क्याला मार लागलाय त्याच्या. ही कसली भाषा, बडबड हाय नुसती," म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी त्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं ठरवून मोकळे झाले. मामीनं अन्न सोडलं. मी तेव्हा विट्याला मास्तर होतो. मला सुचलं ते इतकंच: साठ शब्दांना मारिंगमध्ये काय म्हणतात ते मामाला विचारून वहीत उतरवलं आणि चार दिवसांनी, सगळ्यांदेखत, शेवटापासून पुन्हा विचारत गेलो. वेड्याची बडबड दुसऱ्यांदा तशीच्या तशी थोडीच येते! मामी चौकट धरून उभी. मीठ, मिरची, डुक्कर, पाऊस... एक शब्द चुकेल तर शपथ. चाळिसाव्याला थोरल्या मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "व्हय गड्या, भाषाच हाय," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मामा तेवढा माझ्यावर उखडला. "मास्तर हायस न्हवं? चार दिसांत साठ शबूद पाठ हुईनात तुला?" मामी चुलीपाशी जाऊन पोटभर रडली आणि तीन भाकरी खाऊन उठली.

दुसऱ्याच दिवशी ती मामाला म्हणाली, "मला बी शिकवा." पुढं दोघं भांडायचीसुद्धा मारिंगमध्ये, त्यामुळं भांडणात पडायची कुणाची सोय राहिली नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. परवा गेलो तेव्हा मामी शेळीला काहीतरी सांगत होती.

"काय म्हणालीस गं, मामी?"

"जेवलीस का, म्हनलं." शेळीच्या पाठीवरचा हात तिनं तसाच ठेवला. "ती काय जाब देती व्हय? ती साठ शबदांची वही हाय न्हवं तुज्याकडं? आन की एकदा. तू इचार, मी सांगते."