तात्यांच्या विड्यावरचा आळ

सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी आमच्या सूनबाईच्या ऑफिसातल्या कलर कॉपियरमध्ये कागद अडकला, त्याचा गुन्हेगार मी आहे. (हे एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं आणि दोन चष्मे लागले.) ज्या नातेवाइकांनी आजवर माझे व्याही, अंथुर्ण्याचे तात्या, यांना दोषी धरलं, त्यांनी पुढचा मजकूर कृपया खाली बसून वाचावा.

सूनबाई म्हणजे स्वाती, तात्यांची धाकटी लेक. बारामतीत तिचं ऑफिस आहे. शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाचे आराखडे काढून देते. मोठी नळी निळी, बारीक नळ्या हिरव्या, विहीर लाल. रंगाशिवाय तिचं पान हलत नाही, म्हणून तिनं ते मशीन आणलं. कपाटाएवढं थोराड, पांढरंशुभ्र, आणि पोटाशी एक काचेची पाटी. त्या पाटीवर मशीन स्वतःच्या तब्येतीविषयी बोलायचं. ‘गरम होत आहे.’ ‘तयार आहे.’ ‘शाई कमी आहे.’ माझ्या उभ्या नोकरीत एकाही माणसानं मला स्वतःची अडचण इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितली नव्हती! मी पाहताक्षणी त्याच्या प्रेमात पडलो.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. जन्म पाण्याच्या वाटा बघण्यात गेला. त्यामुळे या कपाटात कोरा कागद खालून जातो आणि रंगून वरून येतो, तो मधे कुठून कुठं फिरतो, या प्रश्नानं मला जेवण गोड लागेना.

दसऱ्याला मशीनची पूजा घरातला वडीलधारा म्हणून माझ्याकडे आली. तात्या मुद्दाम अंथुर्ण्याहून आले होते. पांढरा फेटा, कडक धोतर, कमरेला विड्याची चंची. हार घातला, झाकणावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग सगळे पेढे घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले आणि मी मशीनपाशी एकटा उरलो.

आता माझं म्हणणं जरा ऐकून घ्या. दसऱ्याला आपण पाण्याच्या इंजिनाची पूजा करतो तेव्हा कुंकू कुठं लावतो? इंजिनाला! इंजिनावरच्या पत्र्याच्या शेडला नाही लावत. मग या मशीनच्या झाकणाला कुंकू लावून आतल्या यंत्राला काय पोचणार? (आत बघायला मिळावं म्हणून मी हे कारण शोधलं, असं आमची सौ. म्हणते. तिचं बरोबर आहे.) मी उजव्या बाजूचं खालचं दार उघडलं. आत काळेभोर, गुळगुळीत रूळ एकाखाली एक! मी मधल्या रुळाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं, दोन रुळांच्या फटीत आपट्याचं एक पान ठेवलं, हात जोडले आणि दार लावून पेढा खायला गेलो.

स्वातीनं पहिल्या कॉपीचा मान वडिलांना दिला. तात्यांनी चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी यांच्या सोबतीला चार घड्या घातलेला सातबारा त्यातून निघाला.

“तात्या, सातबारा विड्यात ठेवता?” स्वाती म्हणाली.

“मग कुठं ठिवू? चंची कधी इसरत न्हाय मी.”

त्यांनी सातबारा वर ठेवला, फेटा सावरला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, खाकरलं आणि थांबलं. पाटीवर अक्षरं आली : ‘कागद अडकला आहे. खालचे दार उघडा.’

“घड्या पडलेला कागद घातल्यावर दुसरं काय होणार?” आमची सौ. पुटपुटली. व्याह्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू!

खरं तर तात्यांचा सातबारा वरच्या काचेवर जसाच्या तसा सुखरूप पडला होता. अडकला होता तो खालून निघालेला कोरा कागद. मशीन बिचारं ‘खालचे दार, खालचे दार’ म्हणून ओरडत होतं आणि सगळे बघत होते तात्यांकडे.

“थांबा,” मी पुढं झालो. “मी काढतो.”

कालव्यावर आमची एक पद्धत होती. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही, तर त्याच्या शेतापासून उलटं वर चालत यायचं. वाटेत कुणीतरी दगड-गोणी लावून पाणी अडवलेलं सापडतंच. तीच पद्धत मी इथं लावली. कागद जिथून बाहेर येतो तिथून सुरुवात केली. वरचं दार उघडलं, काही नाही. मधलं दार उघडलं, कागदाचं टोक दिसलं. मी ते धरून वर ओढलं. टर्र! अर्धा कागद माझ्या हातात, अर्धा मशीनमध्ये.

“मामा, ओढू नका! त्यावर बाण काढलाय बघा, कुठल्या बाजूला ओढायचं त्याचा!” स्वाती ओरडली.

“बाण असू दे. तीस वर्षं मी उलटाच चालत आलोय.”

शेवटी मी खालच्या दाराशी पोचलो. उघडलं. आणि चोर सापडला. माझं आपट्याचं पान रुळांत भरडून निघालं होतं. अर्धं फटीतून लोंबत होतं, उरलेलं आत कुठंतरी गुडूप झालं होतं. कुंकवाचं बोट रूळभर पसरलं होतं.

“काय सापडलं, मामा?”

मी ते अर्धं पान मुठीत घेतलं, मूठ सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणालो, “काही नाही. धूळ.”

बस्स! एवढा एकच शब्द. पुढची सहा वर्षं मी त्या धुळीत लोळतोय.

कागदाचे तुकडे काढल्यावर मशीन चालू झालं. पण पाच कागद काढले की सहावा अडकायचा, आणि जे बाहेर यायचे त्या प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. दुसऱ्या दिवशी लोणी भापकरचे एक शेतकरी आपला आराखडा न्यायला आले. तो उलटसुलट बघून म्हणाले, “मॅडम, माझी विहीर तर हिकडं हाय. ही लाल दुसरी कुणाची?”

“तो डाग आहे, काका. मशीनमध्ये बिघाड आहे.”

“बिघाड कसला? मशीनला कळलं आसंल! हितं पानी हाय व्हय?”

स्वातीनं समजावलं, मी समजावलं. ते मान डोलावत गेले आणि संध्याकाळी तळहातावर नारळ धरून पाणी शोधत त्या ठिपक्याच्या जागी फिरत होते, असं त्यांच्याच मेव्हण्यानं सांगितलं. स्वातीनं कपाळाला हात लावला आणि पुण्याहून मेकॅनिक बोलावला.

मेकॅनिक आला तेव्हा तात्या अजून आमच्याकडेच मुक्कामाला होते. आम्ही सगळे ऑफिसात गोल करून उभे. तो बाण बघून, हळुवार हातानं एकेक दार उघडत गेला. (कागदाची ती सगळी वाट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. काय वळणं आहेत! अपराधी वाटत असतानाही मी चार पावलं पुढं सरकून बघितलंच.) खालच्या दारातून त्यानं चिमट्यानं एक तपकिरी चोथा बाहेर काढला. मग पांढऱ्या फडक्यानं रूळ पुसला. फडकं लाल!

त्यानं चोथा उजेडात धरला. “हे पानच दिसतंय. आणि हा लाल रंग. मॅडम, इथं कोणी विडा खातं का?”

खोलीतली सगळी डोकी एकदम तात्यांच्या चंचीकडे वळली.

“म्या?” तात्या कडाडले. “माझा इडा माझ्या तोंडात असतो, यंत्राच्या न्हाय!”

“तात्या,” स्वातीचा आवाज रडवेला झाला, “पण सातबारा तुम्ही चंचीतच ठेवला होता ना?”

तात्यांनी चंचीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. पोरीच्या ऑफिसात, परक्या माणसासमोर, लेकीनंच विचारलेलं! हळूहळू त्यांचा स्वतःवरचा विश्वास ढळताना मला दिसला. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात तात्या माझ्यापुढं आले आणि त्यांनी हात जोडले.

“इवाई, पान कागदाला चिकटून गेलं आसंल. चूक झाली माझी.”

आणि मी काय म्हणालो असेन? मी त्यांचे हात हातात घेतले आणि मोठ्या मनानं म्हणालो, “असू द्या हो, तात्या. होतं माणसाकडून.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं! वर सौ. घरी येऊन म्हणाली, “किती समजूतदारपणे घेतलंत हो तुम्ही!”

त्या दिवसापासून तात्यांनी विडा सोडला. चाळीस वर्षांचा विडा! आणि लेकीच्या ऑफिसात पाऊल टाकायचं बंद केलं. बारामतीला आले की समोरच्या रसवंतीवर बसायचे, स्वातीला फोन करून खाली बोलवायचे. ती म्हणायची, “तात्या, वर या की!” ते म्हणायचे, “नगं गं बाई. तितं तुजी यंत्रं.” दर वर्षी मी ठरवायचो, या दसऱ्याला सांगू. दसरा यायचा, सगळे एकमेकांना आपट्याची पानं द्यायचे, आणि माझ्या हातावर पान पडलं की माझी वाचा बसायची.

यंदा ते मशीन म्हातारं झालं आणि स्वातीनं नवं घेतलं. पूजेचं ठरवताना ती म्हणाली, “तात्यांना बोलवत नाही. उगाच त्यांना अवघडल्यासारखं होतं.” लेकीच्या दारात बापाला बोलावणं नाही, हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथुर्ण्याची एसटी धरली.

तात्या उसाला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. रूळ, कुंकू, पान, खिसा, धूळ. तात्यांनी फावडं टेकवून ऐकलं. मग त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, “अगं ए! माझी चंची आण आधी!”

पहिला विडा सावकाश चघळून झाल्यावर ते माझ्याकडं वळले. “सहा वर्सं, अण्णा! आनि तुमी मला माफ केलं व्हय!”

“चुकलं, तात्या. तुम्ही म्हणाल ते करतो.”

“म्हननार काय? लिवून द्या. आनि समद्या पावन्यांनी वाचलं पायजे. तुमची मंडळी काय पुटपुटली ती पन येऊ द्या त्यात.”

म्हणून हे लिखाण. तात्यांनी कच्चा मजकूर वाचला. त्यांची एकच तक्रार होती, की मी स्वतःला जरा जास्तच शहाणं दाखवलंय. ते वगळून एवढंच उरलं.

नव्या मशीनची पूजा तात्यांच्या हस्ते झाली. स्वातीनं वडिलांच्या पाया पडून माफी मागितली, मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “मामा, तुम्ही बाहेर गॅलरीत.” माझ्यासाठी तिथं खुर्ची मांडलेलीच होती. पेढाही तिथंच आला. तात्या आत रुबाबात उभे राहून बटण दाबत होते. एक कागद, दोन, दहा, एकही अडकेना. मला खिडकीतून राहवेना.

“तात्या, ह्याला दारं किती आहेत हो?”

“चार हायत!”

“चौथ्याच्या आत काय आहे? जरा उघडून—”

स्वातीनं खिडकी लावून घेतली. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं, तक्रार नाही. पण चौथं दार नेमकं पलीकडच्या बाजूला आहे!