बाभळीच्या शेंगांचा पंचनामा

कनेरगाव नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझी जीभ मशीनपेक्षा जोरात चालते, हे नाक्यावरचं कोणीही सांगेल. मशीन निदान कागद अडकला की थांबतं.

दुकानात आलेले कागद मी वाचते. वाचू नयेत हे कळतं, पण डोळे ऐकत नाहीत. सातबारा, शाळेचे दाखले, दवाखान्याचे रिपोर्ट, आणि कोर्टाच्या तारखेला निघालेल्या लोकांचे पंचनामे. पंचनाम्यात एक वाक्य ठरलेलं असतं: झडती घेण्यापूर्वी पोलिसांनी व आम्ही पंचांनी आपापली अंगझडती दिली. म्हणजे दुसऱ्याची गाडी तपासण्याआधी आपल्या खिशात काही लपवून आणलेलं नाही हे त्याला दाखवायचं. हे वाक्य मी शेकडो वेळा छापलं असेल. पण कोणी कोणाला खरोखर खिसे दाखवल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

दुकानासमोरून रोज एक पांढरी व्हॅन जायची. चालवणारा मेंढपाळाच्या घरचा, चाळिशीतला. मेंढरं विकून त्यानं ती घेतली होती. ज्या वस्तीवर एसटी जात नाही तिथल्या नऊ मुलींना तो शाळेत आणायचा आणि परत न्यायचा. माणूस अबोल, आणि अबोल माणसांचा मला राग येतो. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी पाहिलं, मुलींना शाळेतून आणायच्या आधी तो नाक्यापलीकडच्या ओढ्याकडे गाडी थांबवतो आणि सीटखाली एक पोतं सरकवतो. एका गिऱ्हाइकाला मी हसत म्हणाले, "शाळेच्या गाडीत पोतं कशाला लागतं हो?" त्यानं भुवया उडवल्या, मीही उडवल्या.

चार दिवसांनी दुपारी बाराच्या सुमारास पोलिसांनी ती व्हॅन नाक्यावर थांबवली. शाळा सकाळची होती, गाडी मुलींनी भरलेली. फौजदारांना पंच हवे होते. पंच व्हा म्हटलं की आमच्या नाक्यावर सगळ्यांना एकदम शेताची आठवण येते. बघता बघता चहाचं हॉटेल रिकामं झालं. उरलो मी आणि पंक्चरवाला, कारण त्याचे दोन्ही हात ट्यूबमध्ये गुंतले होते.

"काय झालं, साहेब?" मी विचारलं.

"फोन आला. सीटखाली पोत्यात गांजा आहे म्हणून."

"कोणाचा फोन?"

"नाव सांगितलं नाही."

पोतं म्हटल्याबरोबर मला माझंच वाक्य आठवलं. फोन मी केला नव्हता. पण शब्द माझ्या दुकानातून निघाले होते, आणि चार तोंडांतून फिरताना त्यांत गांजा भरला गेला होता. मला तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. उलट आवाज चढवला. "निनावी फोनवर कोणाचीही गाडी उघडता काय?"

फौजदार चिडले नाहीत. "फोनवर गाडी थांबवतो, बाई. खबर आधी डायरीत लिहिली आहे. उघडायची तर दोन पंचांसमोर, आणि मोबाईलवर चित्रीकरण करत."

चालक हात जोडून म्हणाला, "साहेब, लेकरायला घरी सोडून येऊ द्या. मंग गाडी फाडून पाहा."

"गाडी इथून हलली की लोक म्हणतील वाटेत माल फेकला. त्यात तुझंच नुकसान आहे."

हे खरं होतं. मुलींना उतरवून लिंबाखाली उभं केलं. त्यांतली सगळ्यात लहान रडायला लागली. शिपायानं मोबाईल धरला, दुसरा दाराला हात घालणार, तेवढ्यात ते ठरलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"आधी अंगझडती. कागदात लिहिणार ना तुम्ही? मग द्या की."

फौजदार माझ्याकडे बघतच राहिले. मग कपाळावर आठ्या घालून चालकासमोर उभे राहिले. "घे बाबा. बघ माझे खिसे."

चालकानं हात पाठीमागे नेले. "न्हाई साहेब. आमी कसं हात लावावं?"

"लाव. कागदात खोटं कशाला?"

त्यानं दोन बोटांनी खिसा चाचपला. आतून निघाली एक चिठ्ठी: मेथी, साबण, आगपेटी. मुली खुदकन हसल्या, रडणारीसुद्धा. फौजदारही हसले आणि त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून परत ठेवली. मग माझी पर्स चालकासमोर उघडताना माझी मान वर होईना.

सीटखालून पोतं निघालं. शिपायानं ते रस्त्यावर ओतलं. बाभळीच्या वाळक्या शेंगा! त्याच्याकडे अशा शेंगा खाणारी चार शेरडं उरली होती आणि ओढ्याकाठी बाभळी वस्तीपेक्षा जास्त होत्या, एवढीच ती भानगड.

पोलीस निघायला लागले. मी फौजदारांची वाट अडवली. "कागद?"

"काही सापडलं नाही. कागद कशाला?"

"सापडलं असतं तर लिहिला असता ना? गाडी थांबवलेली सगळ्या नाक्यानं पाहिली. रिकाम्या हातानं परत गेलात ते कोण सांगणार?"

ते दुकानात आले आणि माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी पंचनामा लिहिला: बाभळीच्या शेंगांचे एक पोते, आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही. मी आणि पंक्चरवाल्यानं सह्या केल्या, मी दोन नकला काढल्या आणि एक चालकाला दिली. त्यानं ती न वाचता खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन आली ती पाच मुली घेऊन.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"घरचे न्हाई म्हणून राहिले. ती नववीतली तर आता घरीच ऱ्हाणार म्हणं." तो माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलला. "पोरगी हुशार हाय, ताई."

एकदा घरी बसवलेली पोरगी पुन्हा दप्तर उचलत नाही, हे मी नात्यातच पाहिलंय. रात्रभर मला स्वतःची लाज वाटत राहिली. सकाळी सहाला, सांगून ठेवल्याप्रमाणे, व्हॅन ओढ्यावरून मला न्यायला आली; पंचनाम्याच्या माझ्याकडच्या नकलेला प्लॅस्टिकचं कव्हर घालून मी तिच्यात बसले.

वस्तीवर चार दारांत तो कागद मी मोठ्यानं वाचला. फौजदारांच्या अंगझडतीपाशी लोक हसले, शेंगांपाशी खाली बघायला लागले. तीन मुली चपला शोधायला पळाल्या. नववीतलीचा बाप अंगणात हळद पसरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कागद बराबर हाय. पर ही आग कोनं लावली, ते लिव्हेल हाय का त्यात?"

दार धरून पोरगी उभी होती. माझ्या मागं चालक उभा होता. मी म्हणाले, "कागदात नाही. पोत्याचं बोलणं माझ्या दुकानातून निघालं. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, तरी बोलले. माझं चुकलं."

बाप माझ्याकडे बघत राहिला आणि मला वाटलं, आता हा मला हाकलून देणार, आणि द्यावंच.

बोलला तो चालक. "पोतं होतं ते बराबरच हाय की, ताई. आत काय हाय, ते इचारायचं ऱ्हायलं तुमचं. मी सांगितलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

बापानं हातातली हळद झटकली आणि दाराकडे वळून म्हणाला, "काहून उभी हायेस? दप्तर घे."

नऊच्या नऊ मुली गाडीत बसल्या. दाटीवाटीत मी मागच्या सीटवर बसले, पायाखाली काहीतरी खुळखुळलं, त्यावर पाय टेकवून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. नववीतली माझ्या शेजारीच होती. ती वाकून म्हणाली, "काकू, पाय काढा. शेरडायचं खाणं हाय ते."

मी पाय वर घेतले आणि नाका येईपर्यंत तशीच बसले.