अर्धी गाठ

साठच्या दशकातली गोष्ट. आबांची लघवी तुंबली म्हणून लोणावळ्याच्या दवाखान्यात त्यांची प्रोस्टेटची गाठ काढली. आबा म्हणजे माझे वडील, आंदर मावळातले शेतकरी. मी लोणावळ्यात शाळेत शिकवत होते. डॉक्टरांनी गाठीचे तुकडे औषधाच्या बाटलीत घालून माझ्याच हातात दिले, "पुण्याला तपासायला द्या." तेव्हा ही हमाली नातेवाइकांचीच असे.

आबांनी खाटेवरून बजावलं, "पोरी, माजं मांस कुटंबी टाकू देऊ नगंस. आपल्या खाचरात पूर." आमच्याकडे रीतच तशी, तुटलेलं बोटसुद्धा आपल्याच मातीत जायचं. मी आपली अतिशहाणी! तपासायला अर्धं पुरे, असं स्वतःच ठरवून निम्मे तुकडे फडक्यात बांधून भावाकडे दिले. त्याने ते भाताच्या खाचरात, कोपऱ्यात पुरले.

आठवड्याने पुण्याच्या तपासणीवाल्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "तुकड्यांत काळे डाग आहेत. प्रोस्टेटमध्ये असं मी कधी पाहिलं नाही. काळ्या रंगाचा एक कॅन्सर असतो, फार वाईट. बाकीची गाठ कुठाय?"

मी खरं ते सांगितलं. "अहो, शिकलेल्या ना तुम्ही?" बाई कडाडल्या. चूक माझी, तरी मलाच राग आला. सगळी गाठ लागते असं बाटली देताना कुणी सांगितलं होतं का? भाऊ उकरायला धावला, तर खेकड्यांनी काही ठेवलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काळ्या रंगाखाली पेशी दिसतच नाहीत. औषधाने रंग उडवून बघते. चार दिवस थांबा."

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. आबा मात्र वाटीभर पेज पिऊन विचारत, "घरी कदी जायाचं?"

चौथ्या दिवशी बाई पहिल्यांदा हसल्या. रंग उडाल्यावर पेशी लांबट, शांत दिसल्या; कुठेही माजलेल्या नव्हत्या. "कातडीवर निळसर तीळ असतो ना, तसलाच आत आहे. दुर्मीळ, पण निरुपद्रवी." मी तिथेच बाकावर बसून रडले. मग तपासणीच्या कागदावर त्यांनी शेवटी एक ओळ लिहिली: निष्कर्ष फक्त मिळालेल्या तुकड्यांपुरता.

आबांना तीळ सांगितला, ती ओळ नाही. "आतमंदी तीळ? नशीबवान म्हनायचा की मी!"

त्यानंतर ते बारा पावसाळे जगले. दर वर्षी बांधावरून तोच कोपरा दाखवत, "हितलं भात बघ, लय जोमात." मी "व्हय आबा" म्हणायची. आणि त्यांना नुसता ठसका लागला तरी मी तो कागद काढून शेवटची ओळ पुन्हा वाचायची.